दोन बोटं अंतर

दादाच्या शेडमध्ये दारामागे एक काठी उभी असते. सरळ, हाताळून गुळगुळीत झालेली, एका टोकाला लाल रंग लावलेली. नवख्या माणसाला वाटतं, जाळी काढायची काठी असेल. वहिनीने एकदा खरोखरच तिला फडकं बांधून कोपऱ्यातली जाळी काढली होती. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला तो एवढंच, की ती काठी नाही, माप आहे.

ते माप एकवीस वर्षं गाड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर होतं आणि दादा, म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, ते हातात धरून उभा असायचा. तो तिथला तपासनीस. त्याने हो म्हटल्याशिवाय एकही गाडी आत जात नसे. मी त्याच आवारात, टायरच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत शिवणकाम करायची. सीटच्या गाद्या, गाड्यांची कापडी छतं, चालवणाऱ्याला सीटशी बांधून ठेवणारे जाड पट्टे. सगळे मला सुईबाई म्हणायचे. खोलीला एक खिडकी होती, तिच्यातून तपासणीचा ओटा समोर दिसायचा. मशीनवर पाय चालू आणि डोळे ओट्यावर, अशी माझी निम्मी हयात गेली.

महिन्याचा शेवटचा रविवार उघड्या गाड्यांचा. ज्यांचं छत मागे दुमडता येतं अशा, बसक्या, चकचकीत, आवाजाने छातीत धडधड करणाऱ्या गाड्या. आणणारे लोक हौशी. एक दंतवैद्य होता, एक विमानं चालवून निवृत्त झालेला, एक फर्निचरच्या कारखान्याचा मालक. आठवडाभर शहाण्यासारखी वागणारी माणसं त्या दिवशी शाळा सुटल्यासारखी यायची, आणि दाराशी त्यांना दादा भेटायचा.

बंद गाडी उलटली तर छत मार अंगावर घेतं. उघड्या गाडीला छत नाही. तिथे ते काम डोक्यामागची लोखंडी कमान करते. गाडी पालथी झाली की मागे ती कमान टेकते, पुढे काचेची चौकट टेकते, आणि मधल्या पोकळीत माणसाचं डोकं सुखरूप राहायला हवं. म्हणून दादा माणसाला हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसवायचा आणि काठीचं एक टोक कमानीवर, दुसरं काचेच्या चौकटीवर ठेवायचा. काठी म्हणजे जमीन. डोकं जमिनीच्या खाली हवं. आणि नुसतं खाली नाही, हेल्मेट आणि काठी यांच्यामध्ये दादाची दोन बोटं आडवी, एकाखाली एक, गेली पाहिजेत. गेली तर तो काचेच्या कोपऱ्यात खडूने दोन रेघा ओढायचा आणि म्हणायचा, "माझं काम झालं, पुढचं तुमचं." नाही गेली तर काठी उचलून पुढच्या गाडीकडे जायचा.

यावरून त्याचं नावच दोनबोटे पडलं. एकदा नव्या आलेल्या एका बाईंनी ते आडनाव समजून पाकिटावर तसं लिहून पाठवलं. आम्हाला ते वाचता आलं नाही, पण कारकुनाने वाचून दाखवल्यावर दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

हो, आम्हाला वाचता येत नव्हतं. दादा नवव्या वर्षी गॅरेजात लागला आणि मी आठव्या वर्षी एका गादीवाल्याकडे. अक्षराची आणि आमची गाठ पडायची राहूनच गेली. पण लोखंड दादाशी बोलायचं. पान्याने कमानीवर टकटक करून तो जोड कुठे तडकलाय ते सांगायचा, म्हणून त्याला तपासनीस केलं. नियमांचं एक पुस्तक होतं. कारकुनाने तीन संध्याकाळी ते मोठ्याने वाचलं, दादाने ऐकलं, आणि चौथ्या दिवशी तो ही काठी घेऊन आला. पुस्तक परत कधी उघडायची त्याला गरज पडली नाही.

काठीशिवाय त्याची आणखी बरीच कुरकुर असायची. दुमडलेलं छत दोन ठिकाणी बांधलंय का ते बघायचा, नाहीतर वाऱ्याने ते उघडून चालवणाऱ्याच्या तोंडावर येतं. खिसे रिकामे करायला लावायचा, कारण उघड्या गाडीतून उडालेली वस्तू मागच्याच्या काचेवर गोळीसारखी बसते. दंतवैद्याला पार टक्कल होतं, पण त्याच्या खिशात दर वेळी कंगवा निघायचा. दादा तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवायचा. आणि उन्हात पडून पट्ट्यांचा रंग विटला असला की गाडी थेट माझ्या खिडकीखाली यायची. उघड्या गाडीचे पट्टे उन्हाने कुजतात, दिसायला धडधाकट दिसले तरी.

हातांचे पट्टेही मीच शिवायची. गाडी उलटायला लागली की माणूस आपोआप हात वर करतो, डोक्यावर काही पडताना करतो तसा. बंद गाडीत हात छताला लागतो. उघड्या गाडीत तो बाहेर जातो आणि गाडीखाली सापडतो. म्हणून दोन्ही दंडांना एकेक पट्टा, कमरेच्या पट्ट्याला जोडलेला. त्याचं माप दादाने ठरवलं होतं: हनुवटीला हात लागला तर चालेल, कपाळाला लागता कामा नये. हौशी लोक म्हणायचे, दोनबोटे, तुम्ही आम्हाला गाडी चालवायला देता की बांधून टाकायला? तो म्हणायचा, दोन्ही.

सुरुवातीपासून दोन बोटं नव्हती, हे मला आठवत होतं. पहिली आठ-नऊ वर्षं नुसती काठी होती आणि काचेवर एकच रेघ. मग शिट्टीवाल्याचा अपघात झाला. हा एक उमदा माणूस, हेल्मेटमध्येही शिट्टी वाजवायचा, ओट्यापर्यंत ऐकू यायची. शेवटच्या वळणावर त्याची गाडी घसरून गवतात गेली आणि अगदी सावकाश, कूस बदलल्यासारखी पालथी झाली. सगळे म्हणाले, काही नसेल झालं. त्याची मान कायमची एका बाजूला राहिली. पुढे तो कधीतरी बघायला यायचा, कठड्याशी उभा राहायचा. शिट्टी मात्र परत ऐकू आली नाही.

त्याच वर्षी ऑफिसात नियमांचं नवं पुस्तक आलं, आणि त्यानंतरच्या रविवारी दादाने काठीखाली पहिल्यांदा बोटं घातली. मी धरून चालले की नव्या पुस्तकात तसं असेल. मीही त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

दंतवैद्याला त्याने एकदा एका बोटासाठी परत पाठवलं होतं. एक बोट जात होतं, दुसरं नाही. दंतवैद्य तावातावाने ऑफिसात गेला. तिथल्या म्हाताऱ्या साहेबांनी त्याला सांगितलं की ओट्यावर तपासनिसाचा शब्द शेवटचा. दंतवैद्य महिनाभर रुसला आणि पुढच्या वेळी सीट खाली घेऊन आला. पुढे त्याची आणि दादाची चांगली गट्टी जमली. माझी अक्कलदाढही त्यानेच काढली.

आता दादाच्या गाडीबद्दल सांगते.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या बघून त्यालाही वाटणारच. त्याने घरामागच्या शेडमध्ये एक उघडी गाडी बांधायला घेतली. मोडीतला सांगाडा, कुठून कुठून जमवलेलं इंजिन, पत्रा स्वतः ठोकलेला. अकरा वर्षं लागली. वहिनी म्हणायची, मला दोन सवती आहेत, एक काठी आणि एक गाडी, आणि दोघींपैकी एकही स्वयंपाकाला उपयोगी नाही. रोज संध्याकाळी तो त्या सांगाड्यात बसायचा, हात पुढे करून स्टिअरिंग कुठे हवं ते बघायचा, मान वळवून कमान किती उंच हवी ते बघायचा, आणि मग खुणा करायचा. रंग कोणता तर निळा, आमच्या आईच्या एकुलत्या एका रेशमी पातळाचा होता तसा. ते त्याने मला सांगितलं नाही. मी ओळखलं.

सीटची गादी मी शिवली. त्याला न विचारता, माझ्या मनाने. चांगली चार बोटं जाड, आत दाबून भरलेला काथ्या, वर नरम थर, कडेला दुहेरी शिवण. आयुष्यभर लोकांच्या बुडाखाली घालायला गाद्या शिवल्या, भावासाठी हात आखडता कसा घ्यायचा?

गाडी रंगून उभी राहिली त्याच सुमाराला बातमी आली की ट्रॅकची जागा विकली गेली, तिथे गोदामं होणार. शेवटचा रविवार ठरला. त्या दिवशी शर्यत नव्हती. ज्याला आपली गाडी ट्रॅकवर फिरवायची होती त्याने यावं, चार वाजता दार बंद, ते कायमचं.

दादाने सकाळपासून बेचाळीस गाड्या तपासल्या आणि दोन वाजता आपली निळी गाडी ओट्यासमोर आणली. सगळे गोळा झाले. त्याला गाडी चालवताना कोणी बघितलंच नव्हतं. त्याने हेल्मेट घातलं, आत बसला, पट्टे आवळले, आणि काठी माझ्या हातात दिली.

"चिंगे, तू धर. आपली गाडी आपण तपासायची नसते."

एकवीस वर्षांत ती काठी मी पहिल्यांदा हातात घेतली. एक टोक कमानीवर ठेवलं. दुसरं काचेकडे नेलं आणि ते काचेवर टेकेचना. काठी मध्येच, दादाच्या हेल्मेटवर टेकून डुगडुगत होती.

क्षणभर कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग माझ्या आलं. अकरा वर्षं हा माणूस रोज त्या गाडीत बसून माप घेत होता, आणि प्रत्येक वेळी बोडक्या डोक्याने. ज्याने हजार लोकांना हेल्मेट घालून बसवलं, त्याने स्वतःचं माप घेताना एकदाही हेल्मेट घातलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि त्यावर माझी चार बोटांची गादी.

दंतवैद्य म्हणाला, दोनबोटे, आज कंगवा मी आणलेला नाही, पण तुम्हाला हवा असेल तर मागवतो. लोक हसले. दादाही हसला, पण हेल्मेटच्या आत.

मी म्हटलं, थांब, उठ. गादी काढली, ओट्यावरच बसले आणि उसवायला घेतली. जी शिवण घालायला मला पंधरा दिवस लागले होते ती मी कात्रीने अर्ध्या तासात फाडली. काथ्या मुठी-मुठीने बाहेर काढला, नरम थर काढला, नुसतं कातडं राहिलं. ते पत्र्यावर अंथरलं आणि दादाला म्हटलं, बस. तो बसला. पुन्हा पट्टे, पुन्हा काठी.

या वेळी काठी दोन्हीकडे नीट टेकली. डोकं खाली होतं. मी बोट घातलं. गेलं. दुसरं घातलं. नखापर्यंत गेलं आणि अडलं. आणि माझी बोटं दादापेक्षा बारीक आहेत.

सव्वातीन वाजले होते. मी पुन्हा घातलं, पुन्हा अडलं. आजूबाजूला सगळे बघत होते, पण काठीच्या खाली काय चाललंय ते मला आणि दादालाच कळत होतं. काचेकडचं टोक मी बोटभर वर धरलं असतं तर कोणाला दिसलं नसतं. निमूटपणे खडू घेऊन दोन रेघा ओढल्या असत्या तर कोणी विचारलं नसतं. शेवटचा दिवस, रिकामा ट्रॅक, एकच फेरी, आणि चालवणारा कोण, तर ज्याने एकवीस वर्षं कोणाला घाई करू दिली नाही तो.

दंतवैद्य वाकून बघत होता. तो म्हणाला, पुस्तकाप्रमाणे तर बसतंय की. मला वाटलं, जुना राग काढून चेष्टा करतोय. दादाने हेल्मेटच्या आतूनच सांगितलं, दंतवैद्याने दात मोजावेत.

मग दादा माझ्याकडे बघायला लागला. हेल्मेटची काच वर केलेली होती, फक्त डोळे दिसत होते. माझा भाऊ मला आयुष्यात काही मागत नाही. त्या वेळीही मागितलं नाही. पण डोळे होते.

"एकच जातंय," मी म्हटलं.

 त्याने एकेक पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, खाली उतरला आणि काठी माझ्या हातातून घेतली. "गाडी मागे घ्या," असं तो कोणाला तरी म्हणाला, दुसऱ्या कोणाची गाडी असावी तसं. मग चार वाजेपर्यंत आणखी तीन गाड्या तपासल्या. चार वाजता दार बंद झालं.

निळी गाडी आम्ही दोरीने ओढत घरी आणली. ती शेडमध्ये उभी राहिली आणि तिच्यावर चादर पडली.

त्यानंतर एकोणीस वर्षं गेली. आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. तो पूर्वीसारखाच यायचा, माझ्या मशीनला तेल घालून जायचा, माझ्या मुलाच्या लग्नात त्यानेच सगळी धावपळ केली. पण मला ते बोट सुटलं नाही. शिवताना सुई अडली की मला ते अडलेलं बोट आठवायचं. मी म्हणायची, नियम होता, मी काय करणार. आणि पुन्हा मनात यायचं, नियमासाठी सख्ख्या भावाला उतरवलंस बये, तेही शेवटच्या दिवशी.

सहासष्टाव्या वर्षी मला सुनेने अक्षरं शिकवली. ती शाळेत शिकवते. तिला वाटलं, सासूबाई दिवसभर रिकाम्या बसतात. मी डब्यांवरची नावं वाचायला शिकले, मग औषधांच्या बाटल्या, मग वर्तमानपत्रातले मोठे मथळे. एकेक अक्षर टाक्यासारखं, मागचं घट्ट धरून पुढचं घालायचं. दोन वर्षांनी मला सलग वाचता यायला लागलं, हळू, पण सलग.

गेल्या वर्षी वहिनीने माळा आवरायला काढला. ट्रॅकवरून आणलेल्या सामानाची एक पेटी होती, तिच्यात नियमांचं ते पुस्तक निघालं, शिट्टीवाल्याच्या वर्षी आलेलं. ऑफिस बंद होताना कारकुनाने दादाला आठवण म्हणून दिलेलं. मी वहिनीला म्हटलं, हे मी नेते.

आठ दिवस मी ते वाचत होते. माझ्या आयुष्यात पहिल्या पानापासून वाचलेलं पहिलं पुस्तक ते. उघड्या गाड्यांचं पान आलं तेव्हा मी चष्मा पुसला. कमान. चौकट. दोन्हींना टेकणारी सरळ काठी. चालवणाऱ्याचं हेल्मेट त्या रेषेच्या खाली असावं. बस. पुढचं वाक्य छत बांधण्याबद्दल होतं. मी मागे गेले, पुन्हा पुढे आले, शेवटची कोरी पानंसुद्धा उलटून बघितली. बोटांचा उल्लेख कुठेच नव्हता, ना एका, ना दोन.

दंतवैद्य चेष्टा करत नव्हता. पुस्तकाप्रमाणे दादा बसत होता.

मला आधी राग आला तो स्वतःचा आणि मग दादाचा. नसलेल्या नियमासाठी याने माझ्याकडून स्वतःला उतरवून घेतलं, आणि एकोणीस वर्षं मी ते पाठीवर घेऊन फिरले. पुस्तक पिशवीत टाकून मी तडक त्याच्या घरी गेले. तो शेडमध्ये स्टुलावर बसून एक जुना पंखा दुरुस्त करत होता. मी पुस्तक त्याच्यासमोर आपटलं आणि सांगितलं की मी सगळं वाचलं, यात बोटं नाहीत.

त्याने पंख्याचं पातं खाली ठेवलं. पुस्तकाकडे बघितलंच नाही.

"बोटं माझी आहेत," तो म्हणाला.

मग उठला, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी उघडलं. खांद्याचा पट्टा होता, जुना, मळलेला. शिवण मी बघताक्षणी ओळखली. चौकोन आणि त्यात फुली. तसा टाका त्या आवारात दुसरं कोणीच घालत नव्हतं.

तो शिट्टीवाल्याचा पट्टा होता. मला तेव्हा सांगितलं होतं, माणूस बाहेर काढताना कापला आणि फेकून दिला. कापला होता, पण फेकला नव्हता.

दादाने मला सगळं सांगितलं, पंख्याचे स्क्रू गोळा करत करत, माझ्याकडे न बघता. शिट्टीवाल्याला त्यानेच तपासलं होतं. डोकं काठीच्या खाली होतं, केसभर, पण खाली. पुस्तकाप्रमाणे बरोबर. गाडी पालथी झाल्यावर सगळ्यांत आधी तोच पोचला. माणूस पट्ट्यांना उलटा लटकलेला, आणि हेल्मेटच्या माथ्यावर गवत आणि माती. म्हणजे डोकं जमिनीला लागलं होतं. कसं लागलं, ते त्याला कळेना. संध्याकाळी त्याने तो पट्टा घेतला आणि जोडीच्या नव्या पट्ट्याशेजारी ठेवून मापला. दोन बोटं लांब भरला.

मी पट्टा उजेडात नेला. प्रत्येक टाका बघितला. चौकोनाच्या चारही बाजू, फुलीच्या दोन्ही रेघा. एकही टाका सुटला नव्हता, एकही दोरा ओढला गेला नव्हता. शिवण होती तशी होती. ताणलं होतं ते कापड.

मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस. तो म्हणाला की त्या वर्षी माझा नवरा जाऊन सहा महिने झाले होते, मुलगा लहान होता आणि घरात कमावणारी मी एकटी. मी शिवलेला पट्टा ताणला एवढंच मी ऐकलं असतं, पुढचं ऐकलं नसतं. मशीन बंद करून बसले असते.

"सगळेच पट्टे ताणतात असं म्हणालो असतो, तर तुला वाटलं असतं, भाऊ समजूत घालतोय. तुला वाचून बघता येत नव्हतं, आणि मलाही येत नव्हतं."

मी पुस्तक उचललं आणि पट्ट्यांचं पान काढलं. ते मी वाचलं होतं, पण तेव्हा नुसतं वाचलं होतं. आता त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, बोट ठेवून, अडखळत: जोराचा हिसका बसला की कोणताही पट्टा ताणतो, म्हणून असा पट्टा पुन्हा वापरू नये. तो ऐकत होता, पूर्वी कारकुनाचं ऐकायचा तसा, मान खाली घालून. झाल्यावर म्हणाला, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

मग मी त्याला दुसरं विचारलं. बाकीच्यांसाठी ठीक, पण त्या दिवशी स्वतःसाठी एक बोट सोडलं असतंस तर? त्याने सांगितलं की पट्टे माझ्याच हातचे होते. त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर माझा पट्टा ताणला हे त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी मला सांगितलं असतं. आणि काठी मी धरली होती.

 अशा वेळी मी हाताला काम देते. उठले, गाडीवरची चादर ओढून काढली, धुळीने दोघांनाही शिंका आल्या. दारामागची काठी घेतली आणि त्याला म्हटलं, बस आत.

तो म्हणाला, चिंगे, वेड लागलंय का तुला. शहात्तर वर्षांचा मी, गुडघे बघ माझे. मी म्हटलं, तपासनिसाचा शब्द शेवटचा. तो कुरकुरत आत शिरला, त्याला पाच मिनिटं लागली. हेल्मेट खुंटीवर होतं. ते त्याच्या डोक्यात घातलं. काठी ठेवली आणि खाली बोट घातलं.

एक गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं. चौथं गेलं, आणि वर अंगठा घालायलाही जागा होती. मी पुन्हा बघितलं, काठी दोन्हीकडे टेकलेली होती. गाडी तीच, कमान तीच. एकोणीस वर्षांत आटला होता तो माझा भाऊ. मणके बसले होते, पाठ वाकली होती. ज्या माणसाला मी मान वर करून बघायची तो त्या सीटमध्ये पेटीत ठेवल्यासारखा मावत होता.

"किती जातात?" त्याने विचारलं.

"पाच."

तो हसायला लागला, मग मीही. वहिनी आवाज ऐकून दारात आली, तर आम्ही दोघं म्हातारी माणसं, एक हेल्मेट घालून धुळकट गाडीत, दुसरी काठी घेऊन बाहेर, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, चहा टाकते, आणि आत गेली.

पुढचे पंधरा दिवस मी शिवत होते. जुने पट्टे वीस वर्षांचे, ते चालणार नव्हते, अंगणात फिरायचं असलं तरी. खांद्याचे दोन, कमरेचा एक, हातांचे दोन, सगळे नवे. आणि गादी. पाच बोटं जागा होती, त्यातली दोन राखायची, म्हणजे तीन बोटांची गादी बसत होती. पूर्वीच्या चारऐवजी तीन. म्हाताऱ्या हाडांना तेवढी पुष्कळ. दादाने तोवर इंजिन खोललं, साफ केलं, नव्या नळ्या टाकल्या.

सोळाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही गाडी शेडबाहेर काढली. मी सगळं रीतीप्रमाणे केलं. छत दोन ठिकाणी बांधलंय का बघितलं. खिसे रिकामे करायला लावले, त्यात एक स्क्रू निघाला. हात वर करायला लावला, हनुवटीला लागला, कपाळाला नाही. काठी ठेवली, माझी दोन बोटं घातली, बरोबर गेली. खडूने काचेच्या कोपऱ्यात दोन रेघा ओढल्या आणि म्हटलं, माझं काम झालं, पुढचं तुमचं.

शेडच्या दारापासून फाटकापर्यंत साठ पावलं आहेत. दादा तेवढं गेला, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. इंजिनाचा आवाज मात्र असा, की शेजारच्या घरातले लोक खिडकीत आले. फाटकापाशी त्याने गाडी मागे घेतली आणि परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. चौथ्या फेरीला तो माझ्यासमोर थांबला आणि हेल्मेटची काच वर केली.

मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. इतक्या वर्षांनंतर काहीतरी.

तो म्हणाला की कमरेचा पट्टा पोटाला काचतोय.

"चालव अजून थोडी," मी म्हटलं. "पट्टे ताणतात."